बंद डब्याचा पंचनामा

समोरच्याला आधी बोलू द्यायचं, त्याच्या बोलण्यात गरज किती आणि थाप किती ते जोखायचं, आणि मगच आपलं तोंड उघडायचं. हे मी तळेगावच्या बाजारात, वडिलांच्या कटलरीच्या दुकानामागे बसून शिकलो. शाळेत शिकलो ते वेगळं, आणि ते फार नाही. दहावीनंतर वर्ध्याला आलो, रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग नागपूरहून सुटे भाग आणून संगणक जोडायला लागलो. कोणाच्या घरी संगणक आला की शेजारीपाजारी तो बघायला जायचे, त्या काळची ही गोष्ट. पुढे दुकानाच्या वरच्या खोलीत क्लास काढला. मला कोणी फुकटात काही दिलं नाही आणि मीही कोणाला दिलं नाही. एकदाच दिलं. ते पोलिसांना दिलं, आणि अजून पस्तावतो आहे.

नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. संगणकावरच्या गुन्ह्यांसाठी नवा कायदा आला होता, पण तो चालवायचा कसा हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. एक दिवस पोलिसांचे एक साहेब दुकानात आले. पश्चिम महाराष्ट्रातले होते, बोलणं मऊ. खुर्चीवर बसले, चहाला नाही म्हणाले आणि सरळ विषयावर आले.

"आमच्या तपासाच्या लोकांना संगणक कसा जप्त करायचा हे शिकवणारा माणूस हवाय. परवा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ठाण्यात गेलो. जप्त केलेल्या मशीनचा डबा मुद्देमालाच्या खोलीत आडवा पडलेला, आणि त्यावर पाण्याचा माठ."

"रिकामा की भरलेला?" मी विचारलं.

"भरलेला. पाझरणारा."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. गरज खरी आहे हे माझ्या लक्षात आलं. ते मानधनाचं बोलू लागले तेव्हा मी हात वर केला. म्हणालो, मानधन राहू द्या. मला एकच गोष्ट पाहिजे. जिल्ह्यात कुठेही, कोणत्याही ठाण्याला संगणक जप्त करायचा असेल, तर त्याला बोट लावण्याआधी मला फोन करायचा. मी माझ्या गाडीनं येईन, माझ्या हातानं बंद करीन, सील तुमचे लोक लावतील.

यात माझा स्वार्थ नव्हता असं नाही. पोलीस ज्याला बोलावतात त्याच्या दुकानात गिऱ्हाईक चार पायऱ्या जास्त चढतं. पण नुसता स्वार्थही नव्हता. यंत्र कसं बिघडतं हे मी पाहिलं होतं, आणि हे लोक ते कसं बिघडवतील हे मला दिसत होतं.

"शब्द दिला," साहेब म्हणाले.

"लिहून द्या."

ते पहिल्यांदाच हसले. "पोलिसाचा शब्द पुरत नाही का तुम्हाला?"

नागपूरच्या व्यापाऱ्याचा शब्द मी उभ्या आयुष्यात कधी घेतला नव्हता. त्या दिवशी वर्दीकडे पाहून घेतला.

*

वर्ग पोलिसांच्याच एका हॉलमध्ये भरायचा. जिल्ह्याच्या ठाण्यांतून जमादार आणि काही तरुण फौजदार आले होते. बहुतेकांनी संगणक लांबून पाहिलेला. मी गेलो त्या सकाळी बसायला खुर्च्या होत्या, फळा होता, खडू होता. संगणक नव्हता. साहेबांना विचारलं तर म्हणाले, मागणी वर पाठवली आहे. शेवटी दुकानातला एक संच मी हाताखालच्या पोराच्या मांडीवर ठेवून रिक्षाने आणला आणि टेबलावर मांडला.

या लोकांनी मला सर कधीच म्हटलं नाही. पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतून आवाज आला, "शेठ, गॅरंटी किती दिवसाची?" सगळे हसले. तेव्हापासून मी शेठच. मला राग लवकर येतो. तो मी गिळला. गिऱ्हाइकासमोर गिळतो तसा.

फाईल म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय, हे सांगण्यात पहिला शनिवार गेला. दुसऱ्या शनिवारी तारखांवर आलो, आणि तिथं सगळ्यांचे चेहरे विझले. मग मी खडू खाली ठेवला.

"बैलबाजारात किती जण गेले आहेत?"

जवळजवळ सगळे हात वर.

"बैल घेताना काय पाहता?"

"दात," सगळे एकदम.

"मंग ऐका. समजा एका माणसाच्या गोठ्यात गोऱ्हा आहे. तो म्हणते, मी मागच्या पोळ्याले विकत आणला. दुसरा म्हणते, खोटं, हा याच्याच गोठ्यात जन्मला. तुमी कसं ठरवान?"

समोरच्या रांगेत एक जमादार बसायचा. मिशा पांढऱ्या, बुटांना चकाकी, पाठ ताठ. वर्गात तोच एकटा प्रत्येक शब्द लिहून घ्यायचा. तो उठून म्हणाला, "दात पाहू. गोठ्यात आला त्या तारखेपेक्षा दातानं जुना निघाला, त तो बाहेरूनच आला. घरचा नाई."

मी टेबलावर हात आपटला. "हेच! फाईलीले बी दोन तारखा असतात. एक, ती या मशीनमधे आली कधी. दुसरी, तिच्यात शेवटचा बदल झाला कधी. बदलाची तारीख जर येण्याच्या तारखेपेक्षा जुनी असंन, त समजा ती फाईल दुसऱ्याच मशीनवर बनली अन् इथं नुसती आणली. हे झाले फाईलीचे दात. अन् तुमी ती फाईल उघडून तिच्यात एक टिंब जरी टाकलं अन् ठेवून देलं, त काय होईन?"

"नवे दात येतीन," जमादार म्हणाला.

त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस जिल्ह्याचं काम करील. दुपारच्या सुट्टीत त्याला माझ्या पैशानं समोसा खाऊ घातला.

तिसऱ्या शनिवारी जप्ती कशी करायची ते सांगितलं. चालू असेल तर तसाच बंद करा, बंद असेल तर लावू नका, म्हणजे चालू करू नका, डबा पोत्यात नव्हे तर खोक्यात घाला, सील लावा. फाईल उघडायची ती मागाहून, आणि ती सुद्धा डिस्कची हुबेहूब नक्कल काढून त्या नकलेवर. नक्कल काढायला लागणारी जादा डिस्क मी मागितली होती. ती मागणीही वर गेलेली होती.

जमादाराने हात वर केला.

"शेठ, एक अडचन हाय. बंद डबा पंचाले दाखवला, त पंच उद्या कोर्टात काय सांगन? वकील इचारन, तुमी काय पायलं? तो म्हणन, डबा पायला. डब्यात काय होतं? मले नाई मालूम. झाली केस खल्लास. पंचाच्या डोळ्यासमोर माल उघडा केल्याबिगर पंचनामा होतच नाई."

मागून कोणी तरी म्हणालं, "दारूची शिशी बी आमी पंचाले हुंगवतो, शेठ!"

हॉलभर हशा. माझं डोकं तापलं. "संगणक हुंगाची चीज आहे का? डबाच दाखवा! डब्याचा नंबर लिहा, सील लावा, अन् मले फोन करा. हात लावू नोका म्हणजे नोका."

"पर कायद्यानं..."

"मले फोन करा!"

जमादार खाली बसला आणि त्यानं लिहून घेतलं. काय लिहून घेतलं ते मी पाहिलं नाही. मी स्पष्ट सांगितलं होतं, हे त्या हॉलमधला कोणीही सांगेल.

*

माझ्या क्लासला पवनारहून एक मुलगी यायची. वडील धाम नदीच्या काठाला वांगी, टमाटे लावायचे. मुलगी बोलायची कमी, पण मराठी टायपिंगचा हात असा, की मी गिऱ्हाइकांना मुद्दाम वर नेऊन दाखवायचो. शिकून झाल्यावर तिनं माझ्याकडून एक संच घेतला. घासाघीस तिनंच केली, वडील नुसते दाराशी उभे राहिले. भाव करताना मला हरवलेली माणसं मोजकी आहेत, त्यांत ती एक. एका तालुक्याच्या गावी, कचेरीसमोर, तिनं टपरीएवढं जॉबवर्कचं दुकान टाकलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. गावाचं नाव मी सांगत नाही. दुकान चाललं, आणि बाजूला परीक्षा देत देत तिची सरकारी कचेरीत लिपिकाच्या जागेवर निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "सर, आता फक्त पोलीस पडताळणी राह्यली."

त्या पेढ्यांनंतर थोड्याच दिवसांत तिच्या दुकानावर पोलीस आले.

कचेरीच्या आवारात एजंट फिरतात, तसा एक एजंट बनावट उत्पन्नाच्या दाखल्यांसह पकडला गेला होता. दाखल्यावरचा गोल शिक्का हाताचा नव्हता, छापलेला होता. कुठे बनवला म्हणून विचारल्यावर त्यानं बोट केलं ते या मुलीच्या दुकानाकडे.

हे मला कळलं ते ती वडिलांना घेऊन माझ्या दुकानात आली तेव्हा. मशीन जप्त होऊन तोवर काही दिवस लोटले होते. म्हणजे मला फोन आलाच नव्हता. त्या क्षणी तिच्या काळजीच्या आधी मला माझाच राग आला. शब्द दिला होता, आणि मी तो खऱ्या मालासारखा कनवटीला बांधून ठेवला होता.

"तू बनवला का शिक्का?" मी सरळच विचारलं.

"नाई सर. त्यानं फ्लॉपी आणली. म्हणे शाळेचं काम आहे, प्रिंट काढून द्या. माह्या मशीनमधे फ्लॉपी मधातच अटकत होती, म्हणून पयले फाईल आत घेतली अन् मग प्रिंट काढली. तुमीच शिकवलं होतं, फ्लॉपीवर भरवसा ठेवाचा नाई."

"फ्लॉपी कुठं आहे?"

"तो घेऊन गेला."

"अन् फाईल मशीनमधेच राह्यली?"

"हो. काढून टाकाची राह्यली."

मी खुर्चीत मागे टेकलो. वडील माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला आतून बरं वाटलं, हे खरं सांगतो. कारण ती फाईल पुसली असती तर पोरगी अडकली असती. पुसली नव्हती, म्हणजे दात शाबूत होते. एजंटाने शिक्क्याचं चित्र दुसरीकडे कुठे तरी आधी बनवलं असणार. तिच्या मशीनमध्ये ते नंतर आलं. बदलाची तारीख जुनी, येण्याची नवी. ज्याला ओ की ठो कळत नाही त्यालाही दाखवता येईल असा पुरावा.

"काका, घरी जा अन् निवांत झोपा," मी तिच्या वडिलांना म्हटलं. "पोरगी सुटलीच समजा. तिची साक्ष मशीनच देईन."

 जाताना त्यांनी पिशवीतून वांगी काढून काउंटरवर ठेवली. मी नको म्हणालो नाही.

*

मी ठाण्यात गेलो तर समोर तोच. पांढऱ्या मिशांचा जमादार. मला पाहून उठून उभा राहिला, पोऱ्याला चहा सांगितला. तपास त्याच्याकडेच होता. मला हायसं वाटलं. जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या हाती पडण्यापेक्षा हे बरं.

"फोन काऊन नाई केला?" मी आधी तेच काढलं.

"केलता शेठ. दुकान बंद होतं. कोनी उचलला नाई. एजंट बोलून गेलता, लोक जमा झालते, थांबलो असतो त कोनी तरी मशीनच गायब केली असती. पर तुमी काळजी नोका करू. तुमच्या शिकवणीच्या बाहेर एक पाऊल नाई टाकलं. पहा तुमी."

त्यानं पंचनाम्याची प्रत पुढे केली. अक्षर मोत्यासारखं. डब्याचा नंबर, डिस्कचा नंबर, वायरींचे रंग, माऊसची शेपटी कुठे तुटली होती तेही. मी मान डोलावत वाचत गेलो. दुसऱ्या पानावर थांबलो.

तिथं लिहिलं होतं, की सदर मशीन पंचांसमक्ष चालू करून त्यातील शिक्क्याच्या चित्रांच्या फाईली एकेक उघडून पंचांना दाखविल्या, आणि प्रत्येक फाईलीत चित्राखाली पंचांची नावे व दिनांक टंकलिखित करून ती फाईल जशीच्या तशी ठेवून दिली.

मी ते पुन्हा वाचलं.

"हे काय केलं तुमी?"

"पंचांची नोंद," तो म्हणाला. त्याच्या आवाजात शाबासकीची वाट पाहणं होतं. "कागद जप्त केले की आमी प्रत्येक कागदावर पंचांची सही घेतो, शेठ. नाई घेतली त वकील म्हणते, हा कागद पोलिसानं मागाहून घुसवला. मंग म्या इचार केला, फाईलीवर पेनानं सही कशी घेनार? म्हणून चित्राच्या खाली टाईप केली. आता कोनी म्हणू शकत नाई का फाईल बदलवली."

"दात!" मी ओरडलो. "दात सांगतले होते न तुमाले! नवे दात येतीन, तुमीच म्हणाले होते!"

"ते फाईलीत फेरफार केला तर, शेठ. म्या काय फेरफार केला? शिक्क्याले हात नाई लावला. खाली कोऱ्या जागेत लिवलं."

चहा आला. मी पेला उचलून परत ठेवला, तो सांडला. पंचनाम्यावर सांडू नये म्हणून जमादाराने आधी कागद उचलला, आणि मग पोऱ्याला फडकं आणायला सांगितलं.

"आधीची तारीख लिहून ठेवली? नोंद टाकाच्या पयले फाईलीवर कोणती तारीख होती?"

 तो हळूच खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते पाहून मला आणखी राग आला, कारण त्या चेहऱ्यावर राग काढता येत नव्हता. त्यानं घाई केली नव्हती, आळस केला नव्हता, कोणाकडून काही घेतलं नव्हतं. आयुष्यभर ज्या पद्धतीनं कोर्टात पुरावा टिकवला, त्याच पद्धतीनं त्यानं हा पुरावा टिकवायला घेतला, आणि तिथंच तो मोडला.

"पोट्टी चांगली वाटली मले," तो म्हणाला. "म्हणूनच नीट केलं. कोनी म्हणू नये का पोलिसानं तिच्या मशीनमधे काही टाकलं."

*

त्या दिवसापासून मी दारोदार फिरलो. सौदा करणाऱ्या माणसाला एक खोड असते, त्याला वाटतं प्रत्येक दाराला काही ना काही भाव असतो. साहेबांकडे गेलो. शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले, फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. मी म्हणालो, मशीन लावायला कोणी सांगितलं होतं? ते म्हणाले, पंचांना माल दाखवावा लागतो, ही पद्धत आहे. मी म्हणालो, मग मला शिकवायला कशाला बोलावलं? यावर ते म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण पटून मी काय करू? झालेला पंचनामा मागं घेता येत नाही."

मी म्हणालो, मला लेखी जबाब द्यायचा आहे, की मुळात तारीख जुनी असणार.

"असणार, की होती? तुम्ही पाहिली होती?"

पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. फाईलीच्या त्या तारखेवर तिची नोकरी उभी होती, आणि ती तारीख कोणाच्याही नजरेखालून गेली नव्हती. एजंट सोडून. आणि तो तिच्याच विरुद्ध बोलला होता.

तिच्या वकिलाकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"दहावी."

"संगणकाची पदवी? डिप्लोमा?"

"पोलिसांना मी शिकवलंय."

"ते बरोबर आहे. पण तुम्ही आरोपीचे सर, मशीन विकणारे तुम्ही, आणि कागद तुमच्याकडे एकही नाही. समोरचा वकील तुम्हाला पाच मिनिटांत उभा चिरेल. प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या."

ज्यांना मी शिकवलं त्यांच्या पंचनाम्याला किंमत, आणि माझ्या शब्दाला नाही. हा घाव मी अजून पोसतो आहे. पण तेव्हा तो मिरवायला वेळ नव्हता, कारण मुलीच्या रुजू होण्याची मुदत जवळ येत होती.

मशीन लांबच्या शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत गेलं. जाण्याआधी ठाण्यात ते आणखी काही वेळा लावून झालं होतं, कारण जिल्ह्यातली असली पहिलीच जप्ती म्हणून वरचा जो कोणी येई त्याला ते दाखवलं जाई. डिस्कच्या पोटात जुनं काही उरलं असेल तर तेही त्यात पुसलं जात होतं. हे मी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी मान हलवली आणि पुढच्या साहेबाला दाखवण्यासाठी पुन्हा मशीन लावलं.

पडताळणीच्या कागदावर ठाण्यानं लिहिलं, गुन्हा तपासावर आहे. त्यात खोटं काही नव्हतं. मुलगी वडिलांसोबत निवड झालेल्या कचेरीत मुदत वाढवून मागायला गेली. मीही गेलो, बाहेर उभा राहिलो. मी आत आलो तर माझा आवाज चढेल आणि काम बिघडेल, असं तिनंच सांगितलं होतं. एक मुदत वाढवून मिळाली. तीही संपली. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणं गेलं.

अहवाल त्यानंतर कधी तरी आला. वकिलाने मला वाचून दाखवला. फाईली सदर मशीनमध्ये अमुक दिवशी आल्या. त्यांतील शेवटचा बदल जप्तीच्या दिवशीचा. त्या मूळ कोठे तयार झाल्या याबाबत मत देता येत नाही.

"हे आपल्या फायद्याचं आहे," वकील म्हणाला. "पुढे खटल्यात संशयाचा फायदा मिळेल."

"पुढे म्हणजे कधी?"

त्यानं फाईलीची दोरी बांधली.

मुलीनं मला एकदाच विचारलं. दुकानाच्या पायरीवर बसली होती, वडील बस पाहायला गेले होते. "सर, मी ती फाईल पुसून टाकली असती त बरं झालं असतं का?"

मी म्हणालो, "नाई. पुसलं म्हणूनच त्यांनी तुले धरलं असतं."

"मंग ठेवली ते बरं झालं?"

बस आली का पाहतो, म्हणून मी पायरी उतरलो. 

*

पुढच्या वर्षी साहेबांनी वर्गाची दुसरी तुकडी काढली. मी नाही म्हणायला गेलो आणि हो म्हणून आलो. विचार केला, निदान यांना तरी सांगतो, हे असं करू नका. हॉल तोच. खुर्च्या, फळा, खडू. या खेपेला एक संगणकही होता. कोणाला हात लावू देऊ नका, अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती.

मी आत गेलो तर पहिल्या खुर्चीवर जमादार बसलेला. साहेबांनी ओळख करून दिली. म्हणाले, जिल्ह्यातली संगणकाची पहिली जप्ती यांनी केली, त्यासाठी यांना बक्षीस मिळालं आहे, आधी ते आपला अनुभव सांगतील.

जमादार उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. खिशातून चष्मा काढला. पंचनामा सुबक कसा लिहावा, वायरींचे रंग का नोंदवावेत, ते त्यानं सांगितलं. पंचांच्या नोंदीशी येऊन तो अडखळला.

"फाईलीवर नोंद घेताना..." तो म्हणाला, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्याला खरं सांगायचं होतं असं मला वाटलं. पण बक्षीस मिळालेला माणूस, साहेब शेजारी, समोर आपल्याच खात्याची पोरं. "नोंद घ्यावी की नाई, हे त्या त्या वेळी वरिष्ठाले इचारून ठरवावं," असं म्हणून तो बसला.

मी उठलो. "बैलाचे दात घासले यानं!" मी ओरडलो. "उघड्या बाजारात, पंचांसमक्ष! अन् एका पोरीची नोकरी गेली!"

 मग मागच्या रांगेत कोणी तरी खुदकन हसलं, आणि बाकीच्यांना वाटलं शेठचा हा शिकवण्याचाच ढंग आहे. सगळे हसले. साहेबही ओठांत हसले आणि म्हणाले, "हं, बैलाच्या दातांचं नीट समजावून सांगा यांना."

मी समजावून सांगितलं. दुसरं काय करणार होतो?

*

काही वर्षांनी मशीन सुपुर्दनाम्यावर परत मिळालं. सुपुर्दनामा म्हणजे वस्तू मालकाला द्यायची, पण मालकानं लिहून द्यायचं, की कोर्ट मागेल तेव्हा ती आहे त्या हालतीत हजर करीन. मी माझ्या गाडीनं मशीन पवनारला नेऊन दिलं. खटला तेव्हाही चालूच होता. दुकान तिनं केव्हाच बंद केलं होतं. शिक्क्याची केस झालेल्या मुलीकडून प्रतिज्ञापत्र कोण टाईप करून घेणार? ती गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि वडिलांसोबत भाजीच्या वाडीत राबायची.

आम्ही मशीन टेबलावर मांडलं. तिनं आधी पदर ओला करून त्यावरची धूळ पुसली. लाखेच्या सीलचे तांबडे तुकडे डब्याच्या कडेला अजून चिकटलेले होते. वायरी तिनं स्वतःच जोडल्या, हात विसरला नव्हता. मग बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"लावू का?"

त्या मशीनमध्ये काय होतं ते मला माहीत होतं. गोल शिक्का, आणि त्याखाली सुबक मराठीत दोन पंचांची नावं. जे पोलिसांनी लिहिलं ते पुसायचं नाही, जे तिचं होतं ते लिहायचं नाही. एक पत्र जरी टाईप केलं तरी उद्या कोणी म्हणेल, आरोपीनं पुराव्यात फेरफार केला. त्यांनी मशीन कितीदा लावलं याला हिशेब नव्हता. तिनं एकदा लावलं तर तो गुन्हा.

"नोको लावू, बाई," मी म्हणालो. "लिहून देलं आहे आपण."

तिनं बोट काढून घेतलं. आतून एक जुनं धोतर आणलं, दुहेरी करून मशीनवर घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. वडील दाराशी उभे होते. दुकानात संच घेताना उभे होते तसेच.

"सर," ती म्हणाली, "मंग हे ठेवू कुठं? घर लहान आहे."

मी त्या खोलीत चहूकडे पाहिलं. आयुष्यभर प्रत्येक मालाला जागा काढून दिलेला माणूस मी. तिथं कोपऱ्यात पाझरणारा माठ होता, त्याच्याशेजारी थोडी रिकामी जमीन होती. ती मी तिला दाखवू शकलो नाही.